पुढचं अक्षर

५ जानेवारी

आज धाकटा भाऊ छापखान्यात आला होता. त्याच्या कवितांचं पुस्तक निघतंय आणि ते बांधायला आमच्याच बांधणीच्या खोलीत येणार आहे. छपाईच्या आधी जाडी कळावी म्हणून कोऱ्या कागदांची एक डमी बांधतात, तशी मी त्याच्यासाठी बांधून ठेवली होती. त्याने ती उलटीपालटी केली, पुठ्ठ्याचा वास घेतला आणि मलाच परत दिली. म्हणाला, "दादा, यात तूच काहीतरी लिही. कोरी कशाला ठेवायची?" म्हणून लिहायला बसलो आहे. गावच्या शाळेत निबंध लिहीत होतो, त्यानंतर हिशेबाखेरीज काही लिहिल्याचं आठवत नाही.

पुस्तकाचं नाव 'सरलं'. सगळ्या कविता हिच्यावर, त्याच्या वहिनीवर आहेत. हिला जाऊन दीड वर्ष होत आलं. ही लग्न होऊन घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता आणि आमची आई आधीच गेलेली. त्याचा डबा हिने भरला, त्याच्या पहिल्या कविता हिनेच ऐकल्या, आणि "कविराज, आधी हातपाय धुवा, मग चंद्र-बिंद्र" असं म्हणून त्याला जमिनीवरही हिनेच ठेवलं. तेव्हा तिच्यावर त्याने लिहिलं यात काही गैर नाही.

संध्याकाळी तो घरी आला आणि ज्या कवितेवरून पुस्तकाला नाव दिलंय ती त्याने भिंगरीला दिली. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, अकरा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून हिनेच ठेवलेलं नाव. प्रकाशनाला ती कविता भिंगरीने म्हणायची असं दोघांनी परस्पर ठरवलं. कविता अशी आहे:

खिडकीत ऊन होतं, उशाशी पाणी होतं,
सगळं होतं जिथल्या तिथे.
वहिनी म्हणाली, सरलं.
रोज म्हणायची तसंच,
ओटा पुसून झाल्यावर.

मी वाचली आणि म्हणालो, छान आहे. छान आहेच. पण ही 'सरलं' म्हणाली नव्हती. 'सरका' म्हणाली होती. मला म्हणाली होती.

६ जानेवारी

काल लिहिलं ते पुन्हा वाचलं. नीट लिहायला हवं.

दवाखान्याची खोली. दुपार. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धाकटा. खिडकी माझ्या पाठीशी. बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. भिंगरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. हिने डोळे उघडले, माझ्या बाजूला बघितलं आणि ओठ हलवले. 'सर' एवढं स्पष्ट ऐकू आलं. पुढचं अक्षर श्वासातच गेलं. मी बाजूला झालो. खिडकीतला वारा तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण कपाळावरचा एक केस हलला. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. त्यानंतर ही काही बोलली नाही.

मला त्या वेळी काय म्हणाली हा प्रश्नच पडला नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला सगळ्यात जास्त वेळा काय म्हटलं असेल, तर 'सरका'. आमचं स्वयंपाकघर बोळासारखं आहे आणि मला चहाचा कप घेऊन तिथेच उभं राहायची सवय. "अहो सरका, खांब रोवल्यासारखे काय उभे राहता?" "सरका, उजेड अडतोय." झोपतानाही, "तिकडे सरका, भिंतीला काय काटे आहेत?" लग्न नवीन असताना पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी घाबरून थेट दाराबाहेर गेलो होतो. ती हसत मागे आली आणि म्हणाली, "एवढं नाही हो."

हे धाकट्याला सांगायला हवं. मुखपृष्ठ अजून छापलेलं नाही.

९ जानेवारी

फर्मे आले.

ज्याला हे काम माहीत नाही त्याला सांगायला हवं, की छापलेला कागद, म्हणजे फर्मा, आमच्याकडे मोठा ताव म्हणून येतो. त्यावर पानं ओळीने नसतात. पाचव्या पानाशेजारी बारावं, आणि काही पानं तर डोक्यावर उभी. घड्या पडल्या की सगळं जागेवर बसतं. त्यामुळे मी आयुष्यभर कविता अर्ध्याच वाचत आलो. वरचा अर्धा एका तावावर, खालचा भलतीकडे.

आमच्याकडे घड्या घालायला एक मावशी आहेत. वाचता येतं, पण बोट ठेवून. आज त्यांनी एक ताव डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"याच्या पुढचं कुठंय?"

"त्या कोपऱ्यातल्या ढिगात असेल."

"म्हणजे रडायचं तर ढीग हुडकत बसायचं का?" पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्या भावाने बाईला अगदी समोर उभी केलीये हो. मला तर ती डबा घेऊन यायची ते दिसलं."

मला नाही दिसलं. मी सगळे ताव चाळले. कवितांतली वहिनी हळू बोलते, हळू चालते, तिच्या हातून काही सांडत नाही. ही तर धबाधबा चालायची. हिच्या हातून आठवड्याला एक कप फुटायचा आणि दोष कपाला असायचा.

या खोलीतून दुःखाची पुस्तकं पुष्कळ गेली आहेत. एका कवींचा मुलगा गेला, तर त्यांनी सगळं पुस्तक समुद्रावर लिहिलं, मुलगा त्यात कुठेच नव्हता. एका बाईंनी नवऱ्याच्या चपलांवर चार ओळी लिहिल्या होत्या. चपला दारात आहेत, अंगठ्याचा खड्डा अजून आहे, एवढंच. ते वाचून मी पाणी प्यायला उठलो होतो. एकाने पानोपानी देवाला शिव्या दिल्या होत्या. त्या फर्म्यांना हात लावायच्या आधी मी मनात देवाची माफी मागितली, आणि मग वाटलं, हा निदान त्याच्याशी बोलतोय तरी.

गेलेलं माणूस होतं तसं मात्र कोणीच ठेवलेलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. ती माणसं मला कुठे माहीत होती?

११ जानेवारी

सकाळी देवापुढे बसलो. एरवी मी काही मागत नाही, नुसतं नाव घेतो. आज म्हणालो, तू तर तिथे होतास. काय म्हणाली ते सांग.

नंतर स्वतःचीच लाज वाटली. साक्षीला बोलावल्यासारखं झालं.

१३ जानेवारी

धाकट्याला सांगितलं. तो कॉलेजात शिकवतो. मधल्या सुट्टीत त्याच्या कॉलेजमागच्या बाकावर बसलो. मी दोनदा हवापाण्याचं बोललो. शेवटी तोच म्हणाला, "दादा, तू कामावर दांडी मारून हवापाणी सांगायला आला नाहीस."

मग सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, दादा."

"मीपण."

"ती दमली होती. रात्रीची आवराआवर झाली की म्हणायची ना, सरलं एकदाचं आजचं, अगदी तसंच म्हणाली."

हेही खरं आहे. हा शब्द हिच्या तोंडचाच होता. दूध सरलं, तेल सरलं, काम सरलं. मी ते विसरलो नव्हतो, पण मोजलं नव्हतं.

"ती माझ्याकडे बघत होती," मी म्हणालो.

"तुझ्याकडे नाही, खिडकीकडे."

"खिडकी माझ्या मागेच होती."

पोरं वर्गात जायला लागली. मी म्हणालो, "बाकीच्या कवितांतही ती जरा वेगळीच वाटते. कप फुटत नाहीत."

"होती तशी आणता आली असती, तर कविता कशाला लिहिली असती?" तो म्हणाला. "मला जेवढी धरता आली तेवढी धरली. निसटली ती निसटली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण हा शब्द वेगळा. तू खात्रीने सांग. मी आत्ता फोन करतो, सगळे फर्मे रद्दीत घालायला लावतो. नाव बदलतो, कविता काढतो. फक्त खात्रीने सांग."

फोन त्याने खरंच हातात घेतला होता.

तो फोनकडे बघत म्हणाला, "सरलं म्हणाली असेल तर ती आपल्या दोघांना सांगून गेली. सरका म्हणाली असेल तर तुझ्याशी बोलून गेली. मी तिथे नुसताच उभा."

घंटा झाली. मी म्हणालो, "दोन दिवसांनी सांगतो." त्याच्या खडूने पांढऱ्या झालेल्या बाहीवर थोपटलं आणि आलो. वाटेत माझी बस चुकली.

१४ जानेवारी

दुपारी खोलीत कोणी नाही असं बघून दोन्ही शब्द म्हणून पाहिले. श्वास सोडत, ओठ जेमतेम हलवत. 'सर' पर्यंत दोन्ही सारखेच. पुढे 'का' म्हणायला जीभ मागे जाते, 'लं' म्हणायला वर लागते. तिची जीभ कुठे गेली हे मला दिसलं नव्हतं. ओठ दिसले होते, आणि ओठांना त्यातलं काही कळत नाही.

मावशी दारात उभ्या होत्या. "कोणाला सरकवताय एवढं? खोलीत तुम्ही एकटेच."

"खळीच्या डब्याला."

"तो तुमचं ऐकेल. तुमचं ऐकणारं तेवढंच एक आहे इथे," म्हणाल्या, आणि डबा स्वतःच उचलून बाजूला ठेवला.

१७ जानेवारी

भिंगरी रोज कविता म्हणते. दात घासताना, वेणी घालताना, माझ्या पाठीवर रेलून. आधी पाठ म्हणायची, आता समजून म्हणायला लागली आहे. 'सरलं' म्हणताना थोडी थांबते. धाकट्याने शिकवलं असेल.

धाकट्याला कळवायचे दोन दिवस कधीच उलटून गेले. आज मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, मुलीचा हक्क आहे. उद्या मोठी होईल, आणि आईचा शेवटचा शब्द म्हणून आयुष्यभर भलताच शब्द धरून बसेल.

सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या मानाने फारच शांतपणे.

"म्हणजे तुम्ही आईच्या आडवे उभे होतात?"

"हो."

"तिला खिडकी दिसत नव्हती?"

"दिसत नसावी. वाराही लागत नसेल."

"मग सरकलात?"

"लगेच सरकलो."

"मग?"

"मग काही नाही."

ती फ्रॉकचा दोरा ओढत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आई शेवटचं रागावली."

"रागावली नव्हती गं. ती नेहमीच म्हणायची तसं."

"म्हणजे तुम्ही नेहमीच मध्ये यायचात?"

"यायचो."

थोडी हसली. मलाही हसू आलं आणि वाटलं, कळलं हिला. पण तिचं तोंड पुन्हा उतरलं. "बाबा, कवितेतलंच राहू द्या ना. त्यात आई कोणाला काही म्हणत नाही. सगळं आवरते आणि जाते. तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. तुम्हाला तसंही छापखान्यामुळे कमीच येतं."

मी तिला सांगणार होतो. सरका म्हणजे काय, ते सांगणार होतो. की तो राग नव्हता. तो काय होता, ते... आता हे लिहितानाही अर्धा तास झाला. तिची पाठ, हातात पातेलं, मान न वळवता म्हटलेलं सरका, मी कुठे उभा आहे हे न बघताच तिला ठाऊक असणं. यापुढे काय लिहायचं ते मला येत नाही. धाकट्याला आलं असतं. पण त्याला ते कोणी कधी म्हटलंच नाही. त्याला कविराज म्हणायची.

भिंगरीला एवढंच म्हणालो, "असेल. कमी येतं खरं."

१८ जानेवारी

धाकट्याला फोन केला. म्हटलं, खात्री नाही. असू दे तेच.

फोन तुटला असं वाटलं. मग म्हणाला, "जेवलास का दादा?"

"जेवलो."

"काय केलं होतंस?"

"भिंगरीने केलं. करपलं होतं."

"वहिनीसारखंच," तो म्हणाला, आणि दोघंही एकदम हसलो. कवितांत एकदाही काही करपलेलं नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

२२ जानेवारी

शिलाई झाली, कटिंग झालं, आज पुठ्ठे चढले. काम चांगलं झालं आहे. मावशी म्हणाल्या, "इतकं बारीक बघू नका हो, दुसऱ्या कोणाचं असतं तर एवढ्यात गाडीत चढवलं असतं." मला एका प्रतीचा कणा तिरका वाटला म्हणून मी ती उसवून पुन्हा बांधली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात नाव आहे. दिवसभर तेच नाव हाताखालून जात होतं, एकावर एक. संध्याकाळपर्यंत तो शब्द वाटेनासा झाला, नक्षी वाटायला लागला.

२५ जानेवारी

प्रकाशन झालं. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मी मागे भिंतीशी उभा राहणार होतो, धाकट्याने हाताला धरून पुढे बसवलं. पाहुणे बोलले. त्यातल्या एका वयस्क प्राध्यापकांनी सांगितलं, की मोठं दुःख लहान शब्दातच मावतं, आणि या कवीला तो शब्द मृत्यूनेच हाती दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग भिंगरी उठली. हिची एक जुनी साडी कापून तिचा झगा शिवला होता, हे मला तिथेच कळलं. शेजारच्या काकूंचं काम. पोरगी माइकपुढे उभी राहिली तर उंची पुरेना, कोणीतरी माइक खाली केला. लोक हसले, तीही हसली. मग म्हणायला लागली.

घरी रोज ऐकतो तो आवाज मुलीचा असतो. माइकमधून आला तो हिचा आला. हुबेहूब. वरची बारीक धार, अक्षरामागे किंचित ओढ. मी खुर्चीचे हात धरले. "वहिनी म्हणाली," इथे भिंगरी थांबली. मला वाटलं, आता. देवा, मला खरंच वाटलं की आता ती पुढचं अक्षर म्हणेल, जे मला ऐकू आलं नव्हतं.

"सरलं," ती म्हणाली.

धाकटा व्यासपीठावर मान खाली घालून रडत होता, लहानपणी रडायचा तसाच, खांदे वर घेऊन. मला त्याचा राग आला नाही. उठून त्याच्याजवळ जावं असं वाटलं, पण पहिल्या रांगेतून उठून जायचं कसं ते सुचेना.

नंतर एका बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "माझे यजमान काही न बोलता गेले. तुम्ही भाग्यवान. तुम्हाला शब्द तरी मिळाला."

मी "हो" म्हणालो.

भिंगरी गर्दीतून धावत आली. "चुकलं का कुठे?"

"नाही, एक अक्षरही नाही."

२९ जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलंही नाही. पुस्तकाच्या प्रती संपत आल्या आहेत आणि आणखी छापायच्या म्हणून छापखान्याचे मालक खूश आहेत. भिंगरीला शाळेतही ती कविता म्हणायला लावली.

रोज सकाळी देवापुढे बसलो, की नाव घेता घेता ती दुपार एकदा डोळ्यांपुढून जाते. मी आणत नाही, ती येते. दीड वर्ष तसंच चाललं आहे. ढकलगाडीचं चाक करकरतं, ही डोळे उघडते, माझ्याकडे बघते, ओठ हलतात, आणि मी बाजूला होतो. तेवढं झालं की मी उठतो आणि कामाला लागतो.

आजही आली. चाक करकरलं. हिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. "सरलं," म्हणाली. आवाज भिंगरीचा, स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत. मी पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. पुन्हा तेच.

आणि मी जागचा हललो नाही. मला कोणी हल म्हटलंच नव्हतं. खिडकी माझ्या पाठीशी होती, वारा माझ्या पाठीला लागत होता, आणि तिच्या कपाळावरचा केस हलत नव्हता.